सहलीचे कोटेशन मागताना

एखाद्या कुटुंबाच्या किंवा मित्रमंडळाच्या तारखा, वये, आवडीनिवडी आणि खर्चाची ऐपत पाहून फक्त त्यांच्यासाठी जी सहल आखली जाते, तिला पर्यटन व्यवसायात कस्टमाइज्ड टूर म्हणतात. तिचा दर छापील पत्रकात नसतो, तो मागावा लागतो. प्रवासी आपली गरज कळवतात आणि नियोजक त्यावरून दिवसवार कार्यक्रम व खर्चाचा आकडा पाठवतो. या कागदाला सगळे जण कोटेशन म्हणतात. प्रवाशांचे लक्ष बहुधा त्यातल्या शेवटच्या आकड्यावर खिळते. तो आकडा मात्र प्रवाशांनी दिलेल्या माहितीतूनच तयार झालेला असतो. विचारणा मोघम असेल तर दरही मोघम येतो, आणि सहलीतली बरीचशी भांडणे या मोघमपणातून सुरू होतात.

मराठी प्रवाशांना ही पद्धत तुलनेने नवी आहे. महाराष्ट्रात सहल म्हटले की अनेक वर्षे ग्रुप टूरच डोळ्यांसमोर येत असे. ग्रुप टूरच्याही आधीपासून यात्रा कंपन्या काशी-रामेश्वर आणि चारधाम घडवत होत्या. १९८४ मध्ये केसरी ही ग्रुप टूर कंपनी सुरू झाली, २०१३ मध्ये वीणा वर्ल्ड आली. टूर मॅनेजर सोबत, जेवणाची काळजी नाही, गाडीत सगळी आपली भाषा बोलणारी माणसे, अशी घडी या क्षेत्रात पक्की बसली. ग्रुप टूरमध्ये तारीख, मार्ग, हॉटेल, जेवण, कुठे किती वेळ थांबायचे हे सारे कंपनीने आधीच ठरवलेले असते. प्रवाशाने फक्त हो किंवा नाही म्हणायचे असते, म्हणून तिथे ‘कितीला?’ हा एकच प्रश्न पुरतो. आखून घेतलेल्या सहलीत हे सगळे निर्णय प्रवाशाच्या पदरात येतात. तरीही फोनवर पहिला प्रश्न तोच येतो, ‘लडाखचे पॅकेज कितीला?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. नियोजक अंदाजाने एक आकडा सांगतो आणि पुढचे सगळे बोलणे त्या आकड्याभोवती फिरत राहते.

दर कसा बनतो हे कळले की काय सांगायचे तेही आपोआप कळते. सहलीतला काही खर्च माणशी असतो, काही खोलीमागे असतो आणि काही गाडीमागे. विमानाचे तिकीट, प्रवेश शुल्क, व्हिसा, विमा हे माणशी मोजले जाते. हॉटेलची खोली बहुतेक ठिकाणी दोघांची धरतात. समजा खोलीचे भाडे रात्रीला ४,००० रुपये आहे. दोघांना ते माणशी २,००० पडते, एकट्याला पूर्ण ४,००० पडते, आणि तिसऱ्याला त्याच खोलीत जादा गादी दिली तर त्याचा वेगळा, कमी दर लागतो. गाडीचे गणित आणखी निराळे आहे. समजा पूर्ण सहलीची इनोव्हा ३०,००० रुपयांना मिळते. सहा जणांत ती माणशी ५,००० पडते, तिघांत १०,०००. म्हणजे दोन जण आयत्या वेळी गळाले तर उरलेल्यांचा माणशी दर वाढणारच. नियोजकाने दर वाढवला तर तो फसवतो आहे, असे अशा वेळी लोकांना वाटते. खरे तर गाडीचे भाडे तेवढेच राहिलेले असते आणि वाटेकरी कमी झालेले असतात. म्हणून कोटेशन मागताना एकूण किती माणसे, त्यात पक्की किती आणि ‘बघू, जमले तर’ म्हणणारी किती, हे स्वतंत्र सांगणे गरजेचे आहे.

मुलांची वये सांगताना ‘दोन मुले’ एवढे पुरत नाही. विमानात दोन वर्षांखालील बाळाला स्वतंत्र आसन नसते, दोन वर्षे पूर्ण झाली की ते लागते. हॉटेलात वेगळ्या गादीशिवाय मूल आई-वडिलांच्या खोलीत कोणत्या वयापर्यंत विनामूल्य राहील, हे प्रत्येक हॉटेल स्वतः ठरवते. पाच, सहा, आठ, बारा असे वेगवेगळे टप्पे आढळतात. यात बुकिंगच्या दिवसाचे वय न धरता प्रवासाच्या तारखेचे वय धरतात. मे महिन्यात सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलीचे वय जानेवारीत ‘पाच’ सांगितले, तर हॉटेलच्या काउंटरवर वेगळे बिल पुढे येऊ शकते.

तारखांबाबत लवचीकता असेल तर ती आवर्जून कळवावी, कारण पैसे वाचवायला यापेक्षा मोठी जागा दुसरी नाही. दिवाळीची सुटी, नाताळ ते नवे वर्ष आणि मे महिना या काळात हॉटेलांचे दर वर जातात, आणि काही हॉटेले ३१ डिसेंबरच्या रात्रीचे जेवण सक्तीने बिलात जोडतात. दोन-चार दिवस मागेपुढे केल्याने तीच खोली आणि तेच विमान बरेच स्वस्त मिळू शकते. शाळेच्या सुट्यांमुळे तारखा हलणार नसतील तर तेही स्पष्ट सांगावे, म्हणजे नियोजक पर्याय शोधण्यात वेळ घालवत नाही. रेल्वेने जायचे असेल तर आणखी एक मर्यादा आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. त्यामुळे पाच महिने आधी मागितलेल्या कोटेशनमध्ये रेल्वेचे तिकीट पक्के असूच शकत नाही. तसे कोणी लिहून दिले तर तो अंदाजच समजावा.

खर्चाची मर्यादा सांगायला मराठी माणूस कचरतो. आकडा सांगितला की नियोजक तेवढाच खर्च करायला लावेल, अशी भीती असते, आणि ती अगदी निराधार नाही. पण मर्यादा न सांगितल्याने होणारे नुकसान जास्त आहे. नियोजक मग मधल्या प्रतीची हॉटेले धरून काहीतरी पाठवतो, ते महाग वाटते, दुसरे मागितले जाते, ते फारच साधे निघते आणि दोन आठवडे निघून जातात. तोवर विमानाची स्वस्त तिकिटे संपलेली असतात. ‘विमान सोडून माणशी इतक्या ते इतक्या रुपयांत बसवा, बसत नसेल तर काय कमी करावे लागेल ते सांगा’ असे लिहिणे चांगले. उत्तरातल्या दुसऱ्या भागावरूनच नियोजकाचा कस कळतो.

हे सगळे प्रत्यक्षात कसे दिसते, ते लडाखच्या उदाहरणावरून पाहणे सोयीचे आहे, कारण लडाखमध्ये आखणीची चूक थेट प्रकृतीवर उठते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. पुण्याहून किंवा मुंबईहून, बहुधा दिल्लीमार्गे, विमानाने गेलेला माणूस काही तासांत समुद्रसपाटीजवळून विरळ हवेत पोहोचतो. पहिले दोन दिवस शरीराला जुळवून घ्यायला द्यावेच लागतात. नुब्रा खोऱ्यात जाताना खारदुंग ला ही सुमारे ५,३६० मीटरची खिंड ओलांडावी लागते, पण मुक्काम दिस्कित किंवा हुंदरला, म्हणजे जेमतेम ३,१०० मीटरवर असतो. पँगाँग सरोवराकाठचा मुक्काम मात्र ४,२०० मीटरच्या वर. खिंड ओलांडणे थोड्या वेळाचे काम असते, झोपायची उंची रात्रभर शरीराला सोसावी लागते. त्यामुळे लेहमध्ये दोन रात्री, मग नुब्रा आणि त्यानंतर पँगाँग हा क्रम विचारपूर्वक बसलेला आहे. ‘पाच दिवसांत सगळे लडाख’ अशा कोटेशनमध्ये पहिल्या किंवा दुसऱ्याच रात्री पँगाँगला नेलेले असेल तर दर कितीही आकर्षक असला, तरी आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाने तो नाकारावा.

लडाखमधली टॅक्सी हाही वेगळा विषय आहे. तिथल्या टॅक्सी युनियनने मार्गावार दर ठरवलेले असतात आणि मनालीहून किंवा श्रीनगरहून आणलेल्या बाहेरच्या टॅक्सीला स्थानिक स्थलदर्शनासाठी चालू देत नाहीत. मनालीहून लेहपर्यंत एका गाडीने आलेल्या कुटुंबाला पुढे स्थानिक गाडी घ्यावी लागते आणि कोटेशनमध्ये दोन्ही गाड्यांचा खर्च दिसायला हवा. नुब्राहून श्योक नदीच्या काठाने सरळ पँगाँगला जायचे की लेहला परतून चांग ला मार्गे जायचे, यावरही गाडीचे भाडे बदलते. लेहची विमानेही बेभरवशाची असतात. उड्डाणे प्रामुख्याने सकाळी होतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. जुलै २०२४ च्या अखेरीस तर नेहमीपेक्षा जास्त उष्णतेमुळे विमानांना विरळ हवेत उड्डाण करणे अवघड झाले आणि काही फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. म्हणून परतीचे लेह-दिल्ली विमान आणि दिल्लीहून पुढचे विमान एकाच दिवशी, दोन वेगळ्या तिकिटांवर जोडलेले असेल तर नियोजकाला त्याबद्दल विचारले पाहिजे. जाणता नियोजक दिल्लीत एक रात्र ठेवतो किंवा दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढतो. परराज्यातले प्रीपेड सिमकार्ड तिथे चालत नाही, पोस्टपेड चालते, हेही तो न विचारता सांगतो.

अशा सहलीची विचारणा एका परिच्छेदात बसते. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. आम्ही सहा जण पुण्याहून लडाखला जाऊ इच्छितो. आई ६८ वर्षांची, तिला रक्तदाबाची गोळी सुरू आहे, वडील ७२, आम्ही दोघे चाळिशीतले, मुले ११ आणि ७ वर्षांची. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सात किंवा आठ रात्री. तारखा दोन दिवस पुढेमागे चालतील. तीन खोल्या हव्यात. त्यांपैकी आई-वडिलांची तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या ठिकाणी. गाडी स्वतंत्र हवी. जेवण शाकाहारी, नाश्ता व रात्रीचे जेवण हॉटेलात. नुब्रा आणि पँगाँग पाहायचे आहे. पण पँगाँगचा मुक्काम आई-वडिलांना झेपणार नसेल तर पर्याय सुचवा. विमानाची तिकिटे आम्ही काढू. त्याशिवायचा दर द्या. एकूण खर्च अमुक रकमेच्या आत असावा.’ या मजकुरात नियोजकाला हवे ते जवळजवळ सगळे आहे. आजार लपवून ठेवण्याची खोड सोडायला हवी. रक्तदाब, मधुमेह, गुडघ्याची शस्त्रक्रिया, सातवा महिना या गोष्टींवर मार्ग, खोलीचा मजला, गाडीची उंची आणि विम्याची अट अवलंबून असते. डॉक्टरांचा सल्ला तर वेगळा घ्यायचाच.

जेवणाचा उल्लेखही नेमका असावा. ‘जैन’, ‘कांदा-लसूण नाही’, ‘उपवासाचे दिवस’ हे शब्द युरोपातल्या किंवा जपानमधल्या हॉटेलपर्यंत आपोआप पोहोचत नाहीत, ते नियोजकाला आधी कळवून लिहून घ्यावे लागतात. सहलीकडून मुख्य अपेक्षा काय, हेही एका वाक्यात सांगितलेले उपयोगी पडते. कोणाला पक्षी पाहायचे असतात, कोणाला देवदर्शन, कोणाला नुसते बसून राहायचे असते. ‘सगळे पाहायचे आहे’ असे लिहिले की नियोजक दिवसाला सहा ठिकाणे घालतो आणि कुटुंब आठवडाभर गाडीतच बसून राहते.

विचारणा पोहोचल्यावर नियोजकाचे काम सुरू होते. बहुतेक नियोजक प्रत्येक ठिकाणी स्वतः गाड्या आणि माणसे ठेवत नाहीत, त्या त्या ठिकाणच्या स्थानिक कंपनीकडून दर मागवतात. व्यवसायात तिला डीएमसी म्हणतात. तिच्याकडून खोल्या, गाडी, वाटाड्या यांचे घाऊक दर येतात, त्यावर नियोजक आपला नफा धरतो आणि मग आकडा प्रवाशाकडे येतो. हा नफा सहसा कागदावर दिसत नाही. काही नियोजक आखणीचे शुल्क वेगळे घेतात आणि बुकिंग झाले की ते एकूण रकमेतून वजा करतात. ही पद्धत अधिक प्रामाणिक आहे, कारण आखणी हे खरे काम आहे आणि त्याला तास लागतात. एकाचा दिवसवार कार्यक्रम घेऊन तोच दुसऱ्याकडे ‘यापेक्षा कमी सांगा’ म्हणून पाठवणे हे त्या कामाची किंमत न मोजता ते वापरणे आहे. दोन-तीन नियोजकांकडे विचारणे मुळीच गैर नाही. मात्र सगळ्यांना मूळ विचारणाच पाठवावी आणि नकार द्यायचा असेल तर तो वेळेवर कळवावा. एका विचारणेवर नीट काम करायला दोन-चार दिवस लागतात. दहा मिनिटांत आलेले कोटेशन बहुधा जुनेच, नाव बदलून पाठवलेले असते.

कोटेशन हातात आले की शेवटच्या आकड्याआधी ‘समाविष्ट नाही’ हा भाग वाचावा. तिथे जेवण, प्रवेश शुल्क, बक्षिशी, पार्किंग आणि टोल, कॅमेऱ्याचे शुल्क, परवाने अशी यादी असते. दोन नियोजकांच्या दरांतला फरक बहुतेक वेळा याच यादीत सापडतो. त्यानंतर जेवणाची संक्षिप्त अक्षरे पाहावीत. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्त्याबरोबर आणखी एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळचे जेवण. डोंगराळ भागात हॉटेलाबाहेर जेवणाची सोय नसेल तर सीपीचा स्वस्त दर प्रत्यक्षात महाग पडतो. शहरात मात्र एमएपी घेऊन रोज रात्री सातला हॉटेलात परतायची सक्ती नको वाटते. गाडीबाबत ‘गाडी दिवसभर सोबत’ आणि ‘फक्त ने-आण’ यांत मोठा फरक आहे. थायलंड, दुबई, सिंगापूर यांच्या कोटेशनमध्ये एसआयसी ही अक्षरे दिसली तर इतर प्रवाशांबरोबर एका बसमध्ये बसायचे आहे, असा अर्थ घ्यावा. बस अनेक हॉटेलांतून माणसे गोळा करत जाते. लहान मुले असतील तर स्वतंत्र गाडीला थोडे जास्त पैसे मोजणे परवडते.

बारीक अक्षरांत आणखी बरेच काही दडलेले असते. हिमाचल आणि उत्तराखंडच्या कोटेशनमध्ये ‘घाटात एसी बंद’ असे लिहिलेले असते. केरळच्या हाउसबोटीत स्वस्त दरातला एसी अनेकदा फक्त रात्री नऊनंतर सुरू होतो, आणि बोट संध्याकाळीच काठाला लागते. ‘दर्शन बाहेरून’ असे लिहिले असेल तर आत जायचे तिकीट धरलेले नाही. हॉटेलच्या नावापुढचे ‘किंवा तत्सम’ हे दोन शब्द सगळ्यांत महागात पडणारे आहेत. त्यांच्या जोरावर मॉल रोडवरचे हॉटेल दाखवून गावाबाहेर चार किलोमीटरवर खोली देता येते. तत्सम म्हणजे नेमकी कोणती दोन-तीन हॉटेले, त्यांची नावे लेखी मागावीत, आणि खोलीचा प्रकारही लिहून घ्यावा. शिवाय हॉटेलची खोली दुपारी बारानंतर किंवा दोननंतर मिळते. विमान पहाटे पाचला उतरत असेल तर त्या सात-नऊ तासांचे काय, हा प्रश्न कोटेशनमध्ये सुटलेला असला पाहिजे. आदल्या रात्रीची खोली धरायची तर तिचे पैसे द्यावे लागतात.

काही खर्च कोणताही नियोजक टाळू शकत नाही, आणि ते वेगळे दाखवणारे कोटेशन अधिक भरवशाचे असते. भूतानला जाणाऱ्या भारतीय प्रौढाला शाश्वत विकास शुल्क म्हणून रात्रीला १,२०० रुपये भरावे लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे, त्याहून लहानांना माफ. चौघांच्या सात रात्रींत ही रक्कम मोठी होते. दुबईत हॉटेल दर रात्री दर खोलीमागे पर्यटन दिऱ्हाम थेट पाहुण्याकडून घेते. बालीने फेब्रुवारी २०२४ पासून परदेशी पाहुण्यांना दीड लाख इंडोनेशियन रुपियाचे शुल्क लावले आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही, आणि व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते. व्हिसाचा सहलीच्या आखणीशीही थेट संबंध आहे. अनेक देश पाहायचे असतील तर ज्या देशात सर्वाधिक रात्री काढायच्या त्याच्याकडे अर्ज करावा लागतो. फ्रान्समधली एक रात्र कमी करून स्वित्झर्लंडमध्ये वाढवली, की अर्जाचा देशच बदलू शकतो. म्हणून कार्यक्रमातले बदल व्हिसाचा अर्ज करण्याआधी संपवावेत.

देशातही सरकारी नियमांनी ठरणाऱ्या जागा आहेत. ताडोब्याच्या गाभा क्षेत्रातली सफारी मंगळवारी बंद असते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद ठेवतात. जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि परवाना नावानिशी असतो. शनिवार-रविवारच्या फेऱ्या लवकर भरतात. केदारनाथच्या हेलिकॉप्टरची तिकिटे आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावरून दिली जातात आणि चारधाम यात्रेला नोंदणी आवश्यक असते. ती तिकिटे ‘हमखास मिळवून देतो, आमच्याकडे कोटा आहे’ असे लिहिणाऱ्या कोटेशनपासून दूर राहावे; या नावाने बनावट संकेतस्थळे काढून यात्रेकरूंना लुबाडल्याचे प्रकार वारंवार उघड झाले आहेत.

करांचा भागही स्पष्ट हवा. टूर ऑपरेटरच्या पॅकेजवर ५ टक्के जीएसटी लागतो. दर ‘कर सोडून’ आहे की ‘करासहित’, हे एका ओळीत लिहून घ्यावे. परदेशी सहलीच्या पॅकेजवर ऑक्टोबर २०२० पासून टीसीएस म्हणजे उगमस्थानी गोळा होणारा प्राप्तिकर घेतला जातो. त्याचे दर आणि मर्यादा अनेकदा बदलल्या आहेत, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर विचारावा आणि पॅन बरोबर नोंदवला गेला आहे ना, हे पाहावे. हे पैसे बुडत नाहीत. विवरणपत्र भरताना ते आपल्या करात वळते होतात किंवा परत मिळतात. परदेशाचे कोटेशन डॉलर किंवा युरोत असेल तर रुपयाचा कोणत्या दिवसाचा भाव धरणार, हेही तिथेच ठरवावे. नाहीतर ठरलेल्या रकमेत आणि भरायच्या रकमेत फरक पडतो.

घासाघीस करताना ‘थोडे कमी करा’ असे म्हणण्याने फारसे काही होत नाही. नियोजक दोन हजार कमी करतो आणि कोपऱ्यातले एखादे हॉटेल बदलतो. त्यापेक्षा शेवटच्या दोन रात्री साध्या हॉटेलात ठेवा, एक दिवस कमी करा, दुपारची जेवणे वगळा, मोठ्या गाडीऐवजी मधली द्या, असे नेमके बदल मागितले की दर खरोखर उतरतो आणि काय सोडले तेही माहीत असते. प्रवासी दहा किंवा अधिक असतील तर विमान कंपन्यांचे गट-आरक्षणाचे वेगळे दर मिळतात; त्यात नावे नंतर देण्याची सवलत असते, पण भाडे दरवेळी स्वस्तच असते असे नाही.

कोटेशन म्हणजे बुकिंग नव्हे. खोल्या आणि विमानातल्या जागा पैसे भरेपर्यंत कोणी राखून ठेवत नाही, म्हणून बहुतेक कोटेशनवर मुदत लिहिलेली असते आणि विमानाचा दर तर तासाला बदलतो. होकार देण्याआधी अंतिम कार्यक्रम, हॉटेलांची नावे, एकूण रक्कम, हप्ते आणि रद्द करण्याच्या अटी एकाच लेखी मजकुरात मागवून घ्याव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चाळीस संदेशांत विखुरलेले आश्वासन पुढे शोधणे अवघड जाते. पैसे कंपनीच्या नावाच्या खात्यात भरावेत, कोणाच्या वैयक्तिक खात्यात नाही. जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया ही १९५१ पासूनची संघटना आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयही टूर ऑपरेटरांना मान्यता देते, मात्र ती ऐच्छिक आहे. अशी नोंद असलेली बरी, पण त्यावरच विसंबू नये. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनची थॉमस कुक ही पर्यटन कंपनी बंद पडली, तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवाशांना तिथल्या सरकारी यंत्रणेने परत आणले. प्रवाशांचे पैसे राखणारी योजना त्या देशात पूर्वीपासून आहे. भारतात तसे कवच नाही. त्यामुळे इथे सगळी रक्कम एकदम आगाऊ देण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने देणे आणि प्रत्येक टप्प्याला पक्क्या आरक्षणाचा पुरावा घेणे शहाणपणाचे आहे. विमानाचा पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर आपला आपण पाहता येतो. हॉटेललाही एक फोन करून आपल्या नावाची खोली धरली आहे का, हे विचारता येते.

रद्द करण्याच्या अटी शांत वेळी वाचायच्या असतात. एप्रिल २०२५ मधल्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरच्या सहली मोठ्या संख्येने रद्द झाल्या. त्यात महाराष्ट्रातली अनेक कुटुंबे होती. काही विमान कंपन्यांनी त्या काळापुरते रद्द करण्याचे शुल्क माफ केले. हॉटेलाचे आणि गाडीचे पैसे परत मिळणे मात्र ज्याच्या त्याच्या कराराप्रमाणे ठरले. म्हणून किती दिवस आधी रद्द केल्यास किती टक्के कापणार, हे एकूण रकमेवर न ठेवता विमान, हॉटेल, गाडी, परवाने असे वेगळे विचारावे. नैसर्गिक आपत्ती, संप, सरकारी बंदी अशा प्रसंगी पैसे परत मिळतील की पुढच्या तारखेचे क्रेडिट मिळेल, तेही. प्रवास विमा आजारपण, अपघात, जवळच्या नातेवाइकाचे निधन अशा नमूद कारणांना भरपाई देतो; मन बदलले किंवा भीती वाटली, या कारणांना सामान्य पॉलिसीत जागा नसते. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो कोटेशनमध्ये धरला आहे का, हे पाहावे.

इतके करूनही कोटेशनमध्ये लिहिलेले मिळाले नाही, तर प्रवासातच पुरावे जमवावेत. बदललेल्या हॉटेलचे छायाचित्र, जादा भरलेल्या पैशांची पावती आणि नियोजकाला त्याच दिवशी पाठवलेला लेखी संदेश पुढे उपयोगी पडतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथे मिटले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे जाता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगात चालते, ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही आणि वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांत तक्रार करावी लागते. या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याचा हक्क दिला आहे. श्रीनगर किंवा दिल्लीतल्या नियोजकाविरुद्ध नाशिकच्या कुटुंबाला नाशिकमध्येच तक्रार करता येते. तक्रारीसोबत जोडायच्या कागदांत मूळ विचारणा, अंतिम कोटेशन आणि पैसे भरल्याच्या पावत्या हे तिन्ही असावेत.